गावची शाळा कंपनीने चालवायला घेतली, तर हिशोब कसा मागायचा?

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या शाळेत एक कंपनी आली, तेव्हा मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. पट सव्वीस, शिक्षक दोन, एका खोलीचं छप्पर पावसाळ्यात गळायचं. कंपनीच्या माणसांनी डिजिटल पॅनेल बसवला, व्हरांड्यावर आपल्या नावाची मोठी पाटी लावली, फोटो काढले. मग माझ्यापुढे एक कागद आला. "अध्यक्ष, इथं सही करा, साहेबांना पुढच्या गावाला जायचंय." मी केली. कागद नीट वाचला नाही, त्याची प्रतही मागितली नाही. पुढच्या उन्हाळ्यात बिल थकलं म्हणून शाळेची वीज तुटली, पॅनेलवर फडकं पडलं, छप्पर गळतच राहिलं. जाब विचारायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की कंपनीने नेमकं काय कबूल केलं होतं, हे सांगणारा एकही कागद गावात नाही. ती सही मला अजून सलते.

सातारा-सांगलीतल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका शाळांच्या पालकांनी माझ्यासारखं फसू नये, म्हणून हे सगळं लिहितो आहे. बाहेरची मदत घेऊच नये असं मी म्हणत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली ती लोकांच्या आधारावरच, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून बोर्डिंगातल्या मुलांना जेवू घातलं. आपल्या भागाला दुसऱ्याच्या मदतीने शाळा उभी करायची सवय जुनी आहे. फरक एवढाच, की गावातल्या देणगीदाराला पारावर गाठून विचारता येतं. कंपनीचं कार्यालय पुण्यात नाहीतर मुंबईत असतं. तिथल्या माणसाला गाठायचं तर कागदच लागतो.

प्रश्न कुणाला विचारायचा

राज्य शासनाने १८ सप्टेंबर २०२३ रोजी दत्तक शाळा योजनेचा निर्णय काढला. त्यानुसार कंपन्या, संस्था किंवा व्यक्ती सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकतात. ग्रामीण भागातली शाळा, नगरपालिकेची शाळा आणि 'ड' वर्ग महापालिकेची शाळा यांच्यासाठी पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना १ कोटी रुपये असं मूल्य ठरलं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकाही 'ड' वर्गातच येते. रोख पैसे द्यायचे नाहीत, वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि देणगीदाराची इच्छा असेल तर त्या मुदतीत त्याचं नाव शाळेच्या नावाला जोडायचं, अशी ही रचना. या योजनेबाहेरही कंपन्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या पैशातून थेट सामंजस्य करार करून शाळांत येतात. आमचा करार तसाच होता, तीन वर्षांचा. आपल्या शाळेचा करार कोणत्या शासन निर्णयाखाली झाला आणि तो निर्णय आज लागू आहे का, हे शासनाच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या.

कंपनीने काहीही कबूल केलेलं असो, मुलाला शिकवण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्याकडे जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची कलमं ८ आणि ९ ती राज्य शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकतात. स्थानिक प्राधिकरण म्हणजे गावात जिल्हा परिषद, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. म्हणून कंपनीच्या माणसाशी वाद घालत बसू नका. तो उद्या बदलून जाईल. करारावर सरकारच्या बाजूने ज्याने सही केली, त्याच्या टेबलावर तुमचा अर्ज गेला पाहिजे. मी वर्षभर कंपनीच्या समन्वयकाला फोन करत राहिलो. ते वर्ष वाया गेलं.

पहिलं काम: समितीचा अधिकार ओळखा आणि ठराव करा

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ प्रत्येक पालकाने एकदा तरी मोठ्याने वाचावं. समितीत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. समितीची कामं सांगताना कायदा म्हणतो की शासन, स्थानिक प्राधिकरण 'किंवा इतर कोणत्याही स्रोताकडून' मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर समितीने देखरेख ठेवायची. कंपनीची मदत या शेवटच्या शब्दांत येते. कुणी म्हणालं, "अहो, ते खासगी पैसे आहेत, तुमचा काय संबंध?" तर हे शब्द दाखवा.

कलम २२ तितकंच कामाचं आहे. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा असतो. कंपनी येण्याआधी तो तयार असेल, तर कंपनीने काय द्यायचं हे गाव ठरवतं. तो नसेल, तर कंपनी तिच्या पुस्तिकेतलं देते. आमच्या आराखड्यात छप्पर पहिल्या क्रमांकावर असायला हवं होतं. आराखडा होता, पण मागच्या वर्षीचा उतरवून काढलेला, आणि छपराचं नाव त्यात नव्हतंच.

बैठक बोलवा. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, त्यांच्याकडून इतिवृत्तात ठराव लिहून घ्या, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह. ठरावाचा मसुदा साधारण असा ठेवता येईल:

"… शाळेस … या कंपनीकडून सहाय्य घेण्याबाबत समितीची मान्यता पुढील अटींवर राहील. कराराची मराठी प्रत समितीस सहीपूर्वी किमान पंधरा दिवस मिळावी. सहाय्य शाळा विकास आराखड्यातील कामांना प्राधान्याने वापरावे. दिलेल्या वस्तू कोणाच्या मालकीच्या राहतील, दुरुस्ती व वीजबिल कोण भरणार, हे करारात स्पष्ट लिहावे. शिक्षकांची मंजूर पदे, शिक्षणाचे माध्यम व प्रवेश यांत कंपनीचा हस्तक्षेप राहणार नाही. विद्यार्थ्यांची छायाचित्रे व माहिती पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरली जाणार नाही. कंपनीने दर सहा महिन्यांनी समितीपुढे हजर राहून लेखी अहवाल द्यावा."

यातली दुरुस्ती आणि वीजबिलाची ओळ क्षुल्लक वाटेल. आमचा सगळा प्रकल्प त्याच एका ओळीवाचून बंद पडला.

फोटोंचीही गोष्ट तशीच. लेकरं कंपनीच्या टोप्या घालून ओळीत उभी राहतात आणि त्यांची चित्रं वार्षिक अहवालात छापून येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीचं तत्त्व घालून दिलं आहे. कंपनीचं ॲप मुलांची नावं, गुण, आवाज साठवत असेल, तर ही माहिती कुठे जाते हे लेखी मागा. आणि कंपनी शिकवायला माणसं पाठवत असेल, तर त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडल्यावर शासनाने शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या पडताळणीवर स्पष्ट सूचना दिल्या आहेत. इथे संकोच करू नका.

दुसरं काम: कंपनी येण्याआधीची शाळा लिहून ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'सुधारणा झाली' हे वाक्य नंतर प्रत्येक अहवालात येतं. कशाच्या तुलनेत, याचं उत्तर फक्त गावाकडे असू शकतं.

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारने शाळेला दिलेला ओळख क्रमांक, लिहा. साताऱ्यातल्या शाळांचा २७३१ ने सुरू होतो, सांगलीतल्यांचा २७३५ ने. याच क्रमांकावरून शाळेची नोंदवलेली माहिती यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यावरची माहिती आणि डोळ्यांना दिसणारी शाळा जुळते का, ते आधी तपासा. मग इयत्तावार पट लिहा, मुलं-मुली वेगळ्या. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, तेही लिहा. प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, हे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे.

त्यानंतर मुलांचं शिकणं. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवा, दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या, एक हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार घाला. कोण अडखळतं, कोण वाचतं, तारखेसह लिहा. गुरुजींना आधी सांगा की ही त्यांची परीक्षा नाही. नाहीतर ते दुखावतात आणि पुढचं काम अवघड होतं. सहा-सहा महिन्यांनी तेच पुन्हा करा. शासनाच्या नियतकालिक चाचण्यांचे गुण शेजारी लिहा.

आणि शेवटी, जी मुलं पटावर आहेत पण वर्गात नाहीत, त्यांची यादी. जतकडच्या लोकांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर लेकरं निघून जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथे मराठीतला तयार डिजिटल अभ्यासक्रम आणून बसवला, तर अहवालात 'शाळा डिजिटल' होईल आणि पोराला काहीच कळणार नाही.

या यादीचं महत्त्व मला दूरच्या एका देशाकडे बघून पटलं. लायबेरियाने २०१६ मध्ये ९३ सरकारी प्राथमिक शाळा आठ खासगी संस्थांकडे चालवायला दिल्या. अभ्यासकांनी पहिल्या वर्षानंतर तपासलं तेव्हा मुलांचं शिकणं सरासरीने खरोखर वाढलं होतं. पण सगळ्यात जास्त शाळा जिच्याकडे होत्या, त्या कंपनीने वर्गाच्या संख्येवर मर्यादा घालून जादा मुलांना बाहेर काढलं होतं आणि नको असलेले शिक्षक दुसऱ्या सरकारी शाळांकडे ढकलले होते. गुणपत्रिकेवर बाहेर गेलेली मुलं दिसत नाहीत. आपल्या वहीत दिसली पाहिजेत. पट कमी झाला तर प्रत्येक नावापुढे लिहा: कुठे गेलं, कुणी सांगितलं म्हणून गेलं, दाखला कधी निघाला.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे २००२ मध्ये ४५ कमकुवत शाळा खासगी व्यवस्थापकांकडे दिल्या, त्यांतल्या २० एकट्या एडिसन कंपनीकडे. या शाळांसाठी जादा पैसेही मोजले. २००७ मध्ये रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं की या शाळांची प्रगती शहरातल्या बाकीच्या शाळांपेक्षा वेगळी नव्हती. हे दाखवता आलं, कारण आधीचे गुण नोंदवलेले होते.

तिसरं काम: माहितीचा अर्ज

कराराची प्रत आपणहून मिळाली तर उत्तम. आधी साध्या पत्राने मागा, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकार.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पुरावा जोडावा. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, हे विसरल्याने अर्ज परत येतात. अर्ज पंचायत समितीतल्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. चुकीच्या कार्यालयात गेला तरी योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. मजकूर असा:

"विषय: … शाळा (यू-डायस क्र. …) येथील … कंपनीसोबतचा करार. कालावधी: … ते आजपर्यंत. हव्या असलेल्या प्रती: १) करार व त्याची सर्व परिशिष्टे. २) कंपनीचा प्रस्ताव व त्यास मान्यता देणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त. ३) कंपनीने पुरवलेल्या वस्तू व सेवांची मूल्यासह यादी. ४) करारानुसार सादर झालेले प्रगती अहवाल. ५) शासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या तपासणीचे अहवाल."

'का', 'कसे काय' असे प्रश्न अर्जात घालू नका. कागद मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं.

कंपनीचं नाव आलं की अधिकारी 'त्रयस्थ पक्ष' म्हणून थांबतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ मध्ये त्याची रीत ठरलेली आहे: पाच दिवसांत कंपनीला नोटीस, तिला म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि अर्जापासून चाळीस दिवसांत निर्णय. निर्णय अधिकाऱ्याचा असतो. कंपनीने 'देऊ नका' म्हटलं की विषय संपला, असं होत नाही. 'व्यापारी गुपित' हे कारण पुढे केलं, तर व्यापक लोकहितासाठी अशी माहितीही देता येते, हे त्याच कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्येच लिहिलेलं आहे. गावच्या शाळेची इमारत आणि मुलं ज्या कागदात आहेत, त्याच्याइतकं लोकहिताचं दुसरं काय असणार?

नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. दोन्हींना वीस-वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. एकटे नको, समितीतल्या एखाद्या ताईला बरोबर घ्या. पालक म्हणून समोर बसलेल्या आईला साहेब टाळू शकत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

चौथं काम: कंपनीने आपल्या शाळेवर काय खर्च दाखवला

बहुतेक पैसा सीएसआरचा असतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. म्हणजे आपल्या दारात आलेली मदत बऱ्याचदा कायद्याने बांधलेला खर्च असतो. हे कळल्यावर प्रश्न विचारताना मान खाली घालावीशी वाटत नाही.

संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प कंपनीने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचे असतात. शिवाय वार्षिक सीएसआर अहवालात, या पैशातून झालेल्या भांडवली मालमत्तेची यादी द्यावी लागते: काय उभं राहिलं, कुठल्या पिनकोडवर, कधी, किती रुपयांत आणि मालक कोण. अहवालाची पीडीएफ उघडा आणि त्यात आपला पिनकोड शोधा. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता तीन कागद शेजारी ठेवा: करार, कंपनीचा अहवाल, आणि शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही, जिला गुरुजी डेडस्टॉक म्हणतात. तिन्हींत वस्तू आणि रक्कम सारखी आहे का? कंपनीने काम एखाद्या न्यासामार्फत केलं असेल, तर त्या न्यासाचे लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवेत. तिथेही अर्ज करता येतो.

आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच 'घोटाळा' म्हणू नका. प्रशिक्षण, प्रवास, देखरेख असे खर्च वस्तूंच्या यादीत दिसत नाहीत. प्रशासकीय खर्चावर मात्र सीएसआर नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे. समितीच्या बैठकीत कंपनीकडून खुलासा लेखी मागा आणि तो इतिवृत्तात घ्या.

पाचवं काम: ग्रामसभेत वाचन

वहीतले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, यांतली एखादी सभा ठरवा आणि विषय आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. ऐनवेळच्या विषयांत ठेवला की तोवर माणसं उठून गेलेली असतात. महिला सभेतही ठेवा, शाळेबद्दलचे खरे प्रश्न मी तिथेच ऐकले. शाळेच्या भिंतीवर एक साधा फलक रंगवा: कंपनीचं नाव, कराराची मुदत, कबूल केलेली कामं, झालेली कामं, तारीख. कंपनीची पाटी लावायला जागा असते, तर यालाही जागा मिळेल.

अडलं तर

तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करा आणि अर्जात कलमाचा उल्लेख करा, कारण मग संबंधितांना सुनावणी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तोही मार्ग आहे. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना आधीच प्रती देत चला. ते बहुधा तुमच्या बाजूचे असतात, फक्त त्यांना हातात कागद लागतो.

एक भीती मला प्रत्येक वाडीत ऐकू येते. "जास्त बोललो तर कंपनी जाईल, आणि कंपनी गेली तर शाळा बंद होईल." ती भीती उगाच नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचा आकडा २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या चर्चेत पुढे आला, आणि जावळी-पाटणच्या डोंगरातल्या माणसाला त्यात आपली शाळा दिसली. पण शाळा उघडी ठेवणं कंपनीच्या मर्जीवर नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हे शिक्षण हक्काच्या नियमांत आहे. ही भीती ग्रामसभेत उघड बोला, इतिवृत्तात येऊ द्या.

मुदत संपताना

करार संपायच्या सहा महिने आधी समितीची बैठक घ्या. कुणी लक्ष दिलं नाही तर कंपनीची माणसं एक दिवस येणं थांबवतात आणि मागे राहिलेल्या वस्तू कुणाच्या, हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक वस्तू चालू आहे की बंद, हमीचे कागद, पासवर्ड, मुलांची साठवलेली माहिती पुसल्याचं पत्र, सगळं लेखी हस्तांतरित करून घ्या. कंपनीने नेमलेला शिक्षक जाणार असेल, तर ते रिक्त काम जिल्हा परिषद कशी भरणार, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याच वेळी विचारा. जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

आमच्या शाळेत हे उशिरा झालं, पण झालं. नव्या समितीबरोबर बसून आम्ही खोलीखोलीतून वस्तू मोजल्या. चौदा निघाल्या, चालू नऊ. वीजजोडणी परत मिळाली तेव्हा पॅनेलही लागला. छपराची मागणी आता आराखड्यात पहिल्या ओळीत आहे. तो आराखडा आणि चौदा वस्तूंची यादी मुख्याध्यापकांच्या सहीने पंचायत समितीच्या टपालात दिली, आणि आवक क्रमांक त्याच दिवशी शाळेच्या फलकावर लिहिला.